ह्यांचा डावा कान

३ मार्च, सोमवार

गुडघ्याच्या डॉक्टरांनी ही वही करायला सांगितली आहे. रोज काय दुखलं, कधी दुखलं, कशाने थांबलं, ते लिहायचं. नवी वही आणली नाही. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच उलटी धरून लिहिते आहे. पुढून खर्च, मागून गुडघे. मध्ये गाठ पडेल तेव्हा बघू.

तर, उजवा सकाळी दुखला, डावा दुपारी. प्रार्थनेला खाली बसता येत नाही, स्टुलावर बसले. देवासमोर स्टुलावर बसायचं म्हणजे मोठ्या माणसासमोर पाय पसरून बसल्यासारखं वाटतं. देवा, तू बघतोस ना, नाइलाज आहे.

डॉक्टर म्हणाले, "दोनच उपाय आहेत. एक तर ऑपरेशन, नाहीतर पाण्यातला व्यायाम. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. पोहता येतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला नाही, पण ह्यांना येतं. आमच्याकडे कपाटभर कप आहेत पोहण्याचे."

"कपांनी गुडघे बरे होत नसतात, आजी. तुम्ही उतरा पाण्यात."

हे शेजारी बसले होते. टोपी हातात घेऊन गोल गोल फिरवत होते.

परत येताना एक गोष्ट डोक्यात आली ती जाईना. मी पोहण्यात पहिला नंबर काढणाऱ्या माणसाशी लग्न केलं, पण ह्यांना पोहताना मी एकदाही पाहिलेलं नाही. लढाई आधी झाली, मग पदक, मग मी. घरात सगळं आहे. कप आहेत, पदक आहे, मानपत्र तर मला तोंडपाठ आहे. नदीला पूर, पूल उडालेला, पलीकडून गोळीबार, आणि हे कमरेला दोर बांधून पार गेले, त्या दोराला धरून सगळी तुकडी आली. दोर सुटून वाहून चाललेल्यांनाही ह्यांनी परत परत उलटं जाऊन काढलं. सगळं छापील. डोळ्यांनी पाहिलेलं काही नाही.

मी मरायच्या आधी देवाने एकदा दाखवावं, एवढंच.

६ मार्च, गुरुवार

तलावावर जाऊन आलो. वर पत्र्याचं छप्पर, खाली निळ्या फरश्या, आणि आवाज असा घुमतो की शेजारी कुणी शिंकलं तर समोरच्या भिंतीतून ऐकू येतं. निवृत्त फौजी आणि सोबत एक माणूस, दोघांना फुकट. शिकवणीची फी मात्र वेगळी. शिकवणाऱ्या बाई आमच्या लेकीपेक्षा लहान आहेत. गळ्यात सतत शिट्टी, म्हणून मी त्यांना शिट्टीबाई म्हणते. मनात.

आतल्या बोळात भिंतीवर जुना फोटो आहे. चार पोरं ओळीने उभी, फासळ्या दिसताहेत, डोक्याला घट्ट टोप्या. शेवटचे हे. मी लगेच ओळखलं, कान तेच. शिट्टीबाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही? आणि हा तिसरा कोण, सगळ्यांत जास्त हसतोय तो?"

"बेडूक," हे म्हणाले.

सगळे त्याला बेडूकच म्हणत, पाय तसे मारायचा. ह्यांचा जिवलग. दोघं एकदम फौजेत गेले, एकाच तुकडीत. त्या नदीत तोच एक गेला. हे एवढंच म्हणतात, "हाती लागला नाही." लग्न झाल्यापासून त्याच्याबद्दल हे तीनच शब्द मी ऐकले आहेत.

आज मात्र शिट्टीबाईंना समजावून सांगत होते. चौघांची शर्यत असायची. पाण्यातल्याने भिंतीला हात लावला की काठावरच्या चौथऱ्यावर उभ्या असलेल्याने त्याच्या डोक्यावरून उडी घ्यायची. "बेडूक तिसरा, मी चौथा. मी त्याच्या हाताकडे बघत राहायचो, दुसरीकडे कुठेच नाही. त्याचा हात लागायच्या आधी उडी मारली तर चौघंही बाद."

फीचं निघालं तेव्हा मी म्हटलं, "फी कशाला? घरचा माणूस आहे की शिकवायला."

हे म्हणाले, "माझा कान."

तो कान मी विसरले होते असं नाही. लढाईत ह्यांच्या जवळ तोफेचा गोळा फुटला, डाव्या कानाचा पडदा फाटला, त्यात पाणी जाता कामा नये, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी तेल कोमट करायचं, थेंब सोडायचा, वर कापूस. त्या कानाची मी जेवढी काळजी घेतली तेवढी लेकीच्या अभ्यासाची घेतली नसेल. लेक लहान असताना समुद्रावर गेलो की सगळी पाण्यात, आणि हे लांब वाळूत आमच्या चपला सांभाळत.

शेवटी असं ठरलं की हे काठावरून शिकवतील. तिथे एक लांब बांबू असतो, टोकाला कडं लावलेला. मी कडं धरायचं, हे बांबू धरणार.

८ मार्च, शनिवार

पोहण्याचा पोशाख शिवला. दुकानातल्याची किंमत ऐकून आणि रूप बघून दोन्ही कारणांनी परत फिरले होते. बैठकीच्या जुन्या पडद्याचं कापड चांगलं जाड होतं, त्याचा मनगटापासून घोट्यापर्यंत शिवला. मोठी मोठी पिवळी फुलं आहेत. घालून दाखवला.

ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "खिडकी निघाली पोहायला."

लेक फोनवर हसून हसून बेजार. हसा म्हटलं. पडदा वाया गेला नाही आणि अब्रूही गेली नाही.

कानात तेल घातलं. गुडघे तसेच.

११ मार्च, मंगळवार

उतरले! पाणी छातीपर्यंत. पहिल्या पायरीवर देवाचं नाव घेतलं, दुसरीवर ह्यांचं, म्हणजे मनातल्या मनात. पोशाखात हवा शिरून मी गोणीसारखी फुगले. एक बाई कडेने पोहत चालल्या होत्या, त्या थांबून बघू लागल्या.

काठावर आले की हे वेगळेच होतात. फौजेतला आवाज.

"हनुवटी वर! श्वास सोड!"

"सोडलाय की!"

"पाण्यात सोड. माझ्यावर काय सोडतेस?"

पण खरं सांगायचं तर मजा आली. पाण्यात गुडघे आहेत हेच विसरायला होतं. बांबू ओढत ह्यांनी मला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरवून आणलं. मी म्हटलं, "म्हशीला डोहातून नेतात तशी नेताय." तर म्हणाले, "म्हैस तरंगते तरी."

फरशी ओली असते. हे नेहमी काठापासून हातभर मागे उभे राहतात. पाय घसरायला नको म्हणून असेल. बरोबरच आहे, वय झालं.

१७ मार्च, सोमवार

शिट्टीबाईंनी ह्यांना मस्का लावून वर्गाला बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते सांगायला उभं केलं. मीही ऐकत बसले, ओल्या पडद्यात कुडकुडत. किती छान बोलले! मागून जायचं, हनुवटी धरायची, समोरून कधीच नाही.

"आणि तरीही तो गळ्यात पडला तर झटापट करायची नाही," हे म्हणाले. "मोठा श्वास घ्यायचा आणि त्याच्यासकट खाली जायचं. त्याला तुम्ही नको असता, त्याला हवा पाहिजे असते. तुम्ही खाली निघालात की तो आपणच सोडतो."

वर्गात एक जाडजूड कारकून येतो, त्याला प्रश्न फार. त्याने विचारलं, "मग?"

"मग त्याच्या मागून वर यायचं आणि धरायचं."

"आणि तुम्ही वर येईपर्यंत तो तिथे नसलाच, तर काय करायचं काका?"

ह्यांनी बांबू खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि सरळ बाहेर. मी तशीच ओल्या अंगावर कोट चढवून मागे पळाले, गुडघ्यांची पर्वा न करता. बाहेर भिंतीला टेकून उभे होते. घाम आला होता.

कालची उरलेली भाजी संपवायची म्हणून सकाळी मी ती ह्यांनाच वाढली होती. तीच बाधली असणार. उद्यापासून शिळं मीच खाईन. संध्याकाळी नुसती पेज दिली.

२० मार्च, गुरुवार

आजचा दिवस सोन्याचा.

हे टीव्ही फार मोठा लावतात म्हणून लेक दोघांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने नळी घालून, दिवा लावून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाला, "वयोमानाने थोडं कमी ऐकू येणारच. बाकी दोन्ही पडदे छान आहेत."

मी म्हटलं, "डावा नीट बघा हो. लढाईत फाटलाय तो."

त्याने पुन्हा पाहिलं. "कधी फाटल्याची खूणसुद्धा नाही."

मला तर रडूच आलं. एवढ्या वर्षांची प्रार्थना, आणि तेल! मी डॉक्टरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तेल घालू नका हो कानात." मी म्हटलं, आता बरा झालाय, आता कशाला घालीन?

लेक बाबांकडे बघत होती आणि बाबा भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता तर उतराल ना पाण्यात?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

देवा, तू आपलं काम केलंस. आता ह्यांच्याकडून करून घेणं माझ्याकडे लागलं.

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस घरात आवाज नाही. रुसायला काय झालं? कान बरा झाला म्हणून कुणी रुसतं का?

संध्याकाळी सवयीने तेलाची वाटी गॅसवर ठेवली, मग आठवलं आणि बंद केला. तर हे नेहमीसारखे येऊन आडवे झाले, डोकं माझ्या मांडीवर. "घाल," म्हणाले.

"डॉक्टर नको म्हणालाय."

"मग नुसतं डोळे मिटून पडतो."

पडले. मी कापूस तेवढा लावला.

२६ मार्च, बुधवार

अक्षर वाकडं येणार, बोटं अजून पाण्याने सुरकुतलेली आहेत.

चूक माझीच. तरंगायची फळी धरून मला थोडं थोडं जमायला लागलंय, म्हणून शहाणपणा सुचला. हे बांबू आणायला कोपऱ्यात गेले तेवढ्यात मी निघाले एकटीच. तळाची फरशी उतरती आहे हे ऐकून माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं. पाय टेकवायला गेले तर खाली काहीच नाही. फळी सुटली. पोशाख हवेने फुगून वर आला आणि तोंडावर बसला. डोळ्यांपुढे नुसती पिवळी फुलं. ओरडायला तोंड उघडलं ते पाण्याने भरलं. शिट्टीबाई पार पलीकडे.

मग कुणीतरी आलं. हाताला सदऱ्याची बटणं लागली म्हणून कळलं, हे. बांबूबिंबू काही नाही, बूट, चष्मा, घड्याळ सगळ्यासकट उडी मारलेली. समोरूनच आले. आणि मी गळ्यात पडले. पडू नये हे मला आठवत होतं, परवाच ऐकलं होतं. पण हात कुणाचं ऐकतात? असे आवळले की ह्यांची मान मोडली नाही हीच देवाची कृपा.

आता हे मला घेऊन खाली जाणार, असं मनात आलं. मी सोडणार नव्हते.

हे गेले नाहीत. दोघंही बुडत होतो, वर येत होतो, ह्यांच्या नाकातोंडात पाणी, आणि कानाशी सारखं एकच, "धर. घट्ट धर. सोडू नकोस. सोडू नकोस." खाली ह्यांचे पाय जोरजोरात चालले होते. सत्तरीच्या माणसाचे ते पाय वाटेनात मला.

शिट्टीबाईंनी बांबू टाकला, ओढून घेतलं. बाहेर काढल्यावर त्या एवढ्या घाबरल्या होत्या की ह्यांनाच बोलल्या. "काका, तुम्हीच शिकवलंत ना? गळ्यात पडलं तर खाली जायचं म्हणून? दोघंही गेला असतात!"

"हो," हे म्हणाले. "चुकलंच माझं."

असं म्हणाले आणि हसायला लागले. फरशीवर बसून, बुटांतून पाणी वाहतंय, आणि हसताहेत, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. त्या पाण्यात औषध फार घालतात, डोळ्यांना झोंबतं. मी पदर शोधायला गेले आणि हाताशी पडदाच आला, त्यानेच पुसले.

चष्मा तळाशी सापडला. घड्याळ बंद पडलं.

२७ मार्च, गुरुवार

काल कानात पाणी गेलं असणार म्हणून आज शनिवार नसतानाही तेल कोमट केलं. ह्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. कान बरा आहे."

"तो तर आत्ता बरा झाला. जपायला नको?"

"पहिल्यापासून बरा आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी वाटी ठेवली आणि उठले. सगळ्या आयुष्याचे शनिवार! किती बाटल्या तेल गेलं असेल, किती कापूस! मी फडाफडा बोलले. "एवढं खोटं? आणि माझ्याशी? मी देवाला त्या कानासाठी सांगत बसले, त्याला काय वाटलं असेल? बरा असलेला कान बरा कर म्हणणारी बाई!"

हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तेल वाया नाही गेलं."

मी बसले परत शेजारी.

थोड्या वेळाने हे आपणहून म्हणाले, "बेडकानेही असंच धरलं होतं. तुझ्यासारखंच. गळ्याला."

मी म्हटलं, "धरणारच. जिवाभावाचा तो. अशा वेळी ओळखीचा माणूस हाताला लागला, हेही नशीबच की."

माझ्याकडे बघत राहिले. "मी खाली गेलो," म्हणाले.

"गेलात तरी वर आलात ना? म्हणून तर मला नवरा मिळाला," मी म्हटलं. माझ्या आवाजात अजून तेलाचा राग होता. तरी ह्यांनी माझा हात उचलून डोळ्यांवर ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. हात ओला झाला. कालचं पाणी अजून झोंबत असणार. उद्या डोळ्यांचे थेंब आणायचे.

गुडघ्यांचं लिहायचं राहिलं. बरे आहेत.

३ एप्रिल, गुरुवार

मी म्हटलं होतं, मी काही आता त्या पाण्याचं तोंड बघणार नाही. ह्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "त्या पडद्याचं कापड उरलंय का गं?"

"आहे. का?"

"मला एक चड्डी शिवून दे."

मशीन घेऊन बसले. फुलं सरळ यावीत म्हणून कापड जरा जास्त लागलं, लागू दे. माझ्याही पोशाखाला खालून नाड्या लावल्या, आता हवा शिरणार नाही. चड्डी घालून हे आरशापुढे उभे राहिले तेव्हा मी सूड उगवला. "एक खिडकी कमी पडत होती, ती आली."

८ एप्रिल, मंगळवार

गुडघे आठवत नाहीत. म्हणजे दुखले नसावेत.

चौथरे खोल बाजूला आहेत. हे म्हणाले, "तू फळी घेऊन तिकडून ये. कडेकडेने ये, बाई बांबू घेऊन बरोबर चालतील. इथे येऊन भिंतीला हात लाव. मी वर उभा राहतो."

"तिथे खोल आहे ना?"

"आहे."

"मग तुम्ही पाण्यात या ना माझ्याबरोबर."

"तू हात लावल्याशिवाय मला उतरता येत नाही," म्हणाले. "नियम आहे तसा."

असा कसला नियम, पण वाद घालण्यासारखा चेहरा नव्हता. निघाले. पाय मारत, देवाचं नाव घेत, तोंडातलं पाणी थुंकत. लोक भराभर पुढे जात होते, मी आपली गोगलगाय. उतरती फरशी आली तेव्हा फळी छातीशी आवळली. शिट्टीबाई म्हणाल्या, "चला काकू, मी आहे." वर बघितलं तर चौथऱ्यावर पिवळी फुलं, गुडघे वाकवलेले, पायाची बोटं कडेच्या बाहेर काढलेली. हे पुढे झुकून बघत होते. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे. लग्नात हातात हात दिला तेव्हासुद्धा ह्यांनी माझ्या हाताकडे असं बघितलं नव्हतं.

हात लावला.

डोक्यावरून सावली गेली. पाणी उडालं म्हणावं तर उडालंही नाही, नुसतं उघडलं आणि मिटलं. मी भिंतीच्या कडेला लटकून मान वळवली. चालताना हे पाठीत वाकतात, जिना चढताना कठडा धरतात, बाजाराची पिशवी या हातातून त्या हातात घेतात. पाण्यात कुठे वाकलेले नव्हते. हात वर यायचा, जायचा, वर यायचा, काही घाईच नाही. कारकून पोहायचा थांबला. शिट्टीबाई शिट्टी तोंडात धरून तशाच उभ्या. मी पाहिलं. देवा, पाहिलं मी.

पलीकडे गेले, भिंतीला हात लावला आणि तिथेच थांबले. आमच्याकडे पाठ. वळेनातच. दोन्ही हात भिंतीवर, डोकं खाली. मला वाटलं दम लागला. मग वाटलं, हे तिकडेच राहतात की काय. अंगावर काटा आला, पाणी गार असल्यामुळेही असेल.

मी ओरडले, "अहो! परत या! मला बाहेर कोण काढणार?"

तलावभर घुमलं. शिट्टीबाई म्हणाल्या, "काकू, मी काढते ना."

मी म्हटलं, "तू गप गं."

हे वळले. आणि निघाले, या वेळी तोंड पाण्याच्या वर ठेवून, सावकाश, सगळा वेळ माझ्याकडे बघत. आले. खांदा पुढे केला.

"धर," म्हणाले.

धरला.